जाडीतली पहिली कॉफी

गेबहार्ड हेफेले यांना वास येत नाही, ही गोष्ट त्या एप्रिलमध्ये दोघांनाच माहीत होती. एक ते स्वतः आणि दुसरी मी. त्यांच्या बायकोला, मुलीला, जावयाला, कुणालाच पत्ता नव्हता. आणि अंगणात उभ्या असलेल्या शहात्तर सालच्या मोटरहोममध्ये गॅसची नळी तेच टाकत होते. एकट्याने, कुणाला हात लावू न देता.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर नऊ वर्षं भाड्याने राहते. गिअरबॉक्स तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. काय काय बिघडू शकतं याचा विचार करण्याचाच मला पगार मिळतो. तरीही मी सहा महिने गप्प बसले. ते का, हे कळायला आधी हेफेले कळायला हवेत.

वाइडनमोस गावात त्यांना 'नाक' म्हणत. पंधराव्या वर्षी ते गॅसच्या कामाला उमेदवार म्हणून लागले आणि निवृत्त होईपर्यंत गॅसपुरवठा कार्यालयाची पिशवी खांद्याला लावून घरोघर फिरले. पिशवीत दाबमापक असायचा, साबणाच्या पाण्याची बाटली असायची, पाने असायचे. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते वेगळंच. हेफेले दारात बूट पुसत, हनुवटी वर करत, डोळे मिटून दोन श्वास घेत, आणि त्यानंतरच 'ग्रुस गॉट' म्हणून नमस्कार करत. तेवढा वेळ घरची बाई हातातलं काम थांबवून उभी राहायची. डॉक्टर छातीला नळी लावतो तेव्हा आपण राहतो तशी.

गावाने या नाकाचा पुरेपूर वापर करून घेतला. कोबी आंबवलेलं पिंप बिघडलंय का, वाइनची बाटली परत पाठवायची का, नव्या घराच्या भिंतीमागे बुरशी आहे का, सगळ्याला हेफेले. एकदा खाणावळीत शेजारी बसलेल्या माणसाच्या कोटाला हुंगून ते म्हणाले होते, "तुझ्या गाडीचा रेडिएटर गळतोय." तो गळत होता. ही गोष्ट त्यांची बायको लोरे अजून सांगते, दर वेळी पहिल्यांदा सांगितल्यासारखी.

ही सवय कुठून लागली ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. ते चोवीस वर्षांचे असताना शेजारच्या गावातलं एक शेतघर गॅसने उडालं. दुसऱ्या दिवशी नळी बंद करायला यांना पाठवलं होतं. घर नव्हतंच. दाराची चौकट तेवढी उभी होती आणि चौकटीच्या खुंटीला एक कोट लटकत होता, खिशात हातमोजे नीट घडी करून ठेवलेले. त्या घरची म्हातारी तीन दिवस शेजारणीला सांगत होती की तळघरात कांदे सडलेत, रविवार झाला की निवडून टाकते. तिथे खरंच कांदे ठेवलेले होते. "तिला वास आला होता," हेफेले म्हणाले. "तिने फक्त त्याला नाव चुकीचं दिलं." हे सांगताना ते हातमोज्यांच्या घड्या हवेत घालत होते.

मला त्यांचं गुपित कळलं ते गेल्या ऑक्टोबरात. मी जिन्यावरून उतरत होते आणि खालून करपलेल्या दुधाचा असा भपकारा आला की मी धावतच स्वयंपाकघरात शिरले. शेगडीवर पातेलं काळं पडलं होतं, छताशी धूर जमला होता, आणि हातभर अंतरावर हेफेले पेपर वाचत बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पातेल्याकडे. चेहरा हळूहळू राखेच्या रंगाचा झाला.

"सर्दीपासून," ते म्हणाले. "परत येईल. लोरेला सांगू नकोस."

त्या महिन्यात त्यांना सर्दी झालीच होती. मी मान हलवली. पुढे कधी गॅरेजमध्ये, कधी बागेत मी त्यांना पाहायची. कापडाला पेट्रोल लावून नाकाशी धरायचे, कांदा फोडून धरायचे, कॉफीच्या डब्यात तोंड खुपसायचे. कांद्याने डोळ्यांतून पाणी यायचं. बाकी काहीच यायचं नाही. मग ते त्या कांद्याकडे बघत बसायचे, जणू त्यानेच फसवलंय.

याच दिवसांत जाडी आली.

जाडी म्हणजे ते मोटरहोम. एका चुलतभावाच्या गोठ्यात सतरा वर्षं पडून होतं. आत कोंबड्या राहायच्या. फाटकातून आत आणताना तिने फाटकाचा खांबच पाडला, म्हणून नाव जाडी. छताचे सांधे उसवले होते, मागच्या भिंतीतलं लाकूड इतकं कुजलं होतं की चमच्याने खरवडून निघायचं.

"गेबहार्ड, ही गाडी आहे की कोंबड्यांचं संडास?" लोरेने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"उन्हाळ्यात तू यात बसून तळ्याकाठी कॉफी पिशील."

"मी बसेन. कोंबड्या उठल्या तर."

पण चार शनिवारांत तीही गुंतली. आमची वाटणी आपोआप झाली. जावई येन्सकडे लाकूडकाम आलं. तो उत्तरेचा, ब्रेमेनचा, त्यामुळे दक्षिणेतल्या या सासुरवाडीत आठ वर्षांनंतरही त्याच्या प्रत्येक खिळ्याला कुणीतरी टोमणा मारायचंच. मुलगी फ्रोनी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. ती आणि मी मिळून तारा ओढल्या. लोरेकडे गाद्या, पडदे, भिंतींना आतून लोकरीचा नमदा. फेब्रुवारीपासून फ्रोनी जपून चढउतर करू लागली, कारण तिला दिवस गेले होते. आणि गॅस हेफेलेंकडे.

"माझ्या नळीला कुणी बोट लावलं," ते म्हणाले होते, "तर त्या बोटाचं सॉसेज करीन."

सगळे हसले. मी नाही.

मी त्यांना गॅसचा भोंगा बसवायचं सुचवलं. जमिनीलगत लावायचा, गॅस साचला की ओरडतो, हाताच्या पंजाएवढी डबी. ते मला कोपऱ्यात घेऊन गेले.

"लोरे विचारेल, नाक असताना भोंगा कशाला? मग मी काय सांगू?"

"खरं सांगा."

"खरं सांगितलं की ती जाडी विकेल. तिने विकली नाही तरी मला हात लावू देणार नाही. आणि गावात…" ते थांबले. "माझ्याकडे दुसरं काय आहे गं?"

निवृत्त झाल्यापासून त्यांना लोक नावाने हाक मारत होते ती याच एका गोष्टीसाठी. मी म्हटलं, मग दोनदा तपासा. ते म्हणाले, सहादा तपासतो. आणि तपासायचेही. नळी बसवली, तिच्यात हवा भरून दाबमापक लावला आणि दहा मिनिटं सुईवरून नजर हलवली नाही. मग प्रत्येक सांध्याला ब्रशने साबणाचं पाणी लावलं. मग पुन्हा हवा. मी दुपारी ऑफिसातून आले तरी ते गुडघ्यांवर सुईसमोर बसलेले. सुई हलली नव्हती.

पूर्वी हा माणूस दोन श्वासांत मोकळा व्हायचा. आता ते नळीची झडप बंद करायचे, चार पावलं जायचे, परत येऊन झडपेला हात लावून बघायचे. घरात स्वयंपाकाच्या शेगडीची बटणं रात्री झोपताना मोजायचे. लोरे म्हणायची, म्हातारपण. आणि फ्रोनी घरी आली की ते सहज विचारल्यासारखं विचारायचे, "काय गं, आज कसला कसला वास येतोय तुला?" दिवस गेल्यापासून तिचं नाक भलतंच तिखट झालं होतं. ती कंटाळून यादी सांगायची: मम्माचा साबण, येन्सचे मोजे, पोस्टमनची सिगारेट. त्या यादीत गॅस नाही हे ऐकून त्यांचे खांदे खाली यायचे. तिला वाटायचं, पपा किती लाड करतात.

सरकारी तपासणीसाची वेळ गुरुवारची ठरली होती. पण लोरेने आधीच्या शनिवारी तीन वाजता जाडीत पहिली कॉफी करायचं ठरवलं.

"गुरुवारपर्यंत थांबू," हेफेले म्हणाले.

"कशाला? घरातच एवढा मोठा तपासणीस आहे. मी रुबार्बचा केक करतेय, गुरुवारपर्यंत तो ओला होईल."

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "बरं."

तो आठवडा शेणखताचा होता. आमच्याकडे एप्रिलात शेतकरी गोठ्याखालच्या टाक्या रिकाम्या करतात आणि ते पातळ शेणखत कुरणांवर फवारतात. त्सेलरची जमीन आमच्या कुंपणाला लागूनच. सोमवारपासून पावाला तो वास, उशीला तो वास, केसांना तो वास. त्या दिवसांत वाइडनमोसमध्ये कुणी वासाबद्दल तक्रार केली तर लोक त्याला शहरात राहायला जा म्हणतात. खिडक्या लावून घ्यायच्या आणि गप्प बसायचं.

शनिवारी अकरा वाजता हेफेलेंनी बाहेरच्या कप्प्यातलं सिलिंडर उघडलं, म्हणजे नळीतली हवा निघून गॅस पुढे येईल. शेगडी पेटवून पाहिली, बटण बंद केलं; सिलिंडर कॉफीसाठी उघडंच ठेवलं. मी शेजारी उभी होते. सगळं ठीक होतं. नंतर दार-खिडक्या लावून आम्ही जेवायला गेलो, कारण त्सेलरचा टँकर नुकताच कुंपणाशी वळला होता.

तीन वाजता पाचही जण आत. जाडी आतून ओळखू येत नव्हती. भिंतीवर मऊ राखाडी नमदा, पिवळे पडदे, येन्सने केलेलं फोल्डिंगचं टेबल, शेगडीखाली नवा खण. येन्स तो खण पुन्हा पुन्हा उघडून बंद करून दाखवत होता.

"बघा, आता अडकत नाही."

"ब्रेमेनमध्ये खण उघडतात हे पाहून बरं वाटलं," लोरे म्हणाली. "दार लाव आधी. तो मेला अजून फवारतोय."

येन्सने दार ओढून घेतलं. लोरे केक कापायला लागली. हेफेलेंनी किटलीत पाणी भरून शेगडीवर ठेवली आणि काड्यापेटी हातात घेतली. फ्रोनी खिडकीशी बसली होती, एक हात पोटावर.

"इथे घाण वास येतोय," ती म्हणाली.

"तुला परवा टूथपेस्टचाही वास सहन होत नव्हता," येन्स म्हणाला.

"सहावा महिना आहे रे," लोरे म्हणाली. "हिच्या वेळी मला गेबहार्डच्या अंगाला डिझेलचा वास यायचा. आणि हा तेव्हा सायकलवर फिरायचा!"

सगळे हसले. फ्रोनी हसली नाही. "मस्करी नाही करत. सडक्या अंड्यांसारखा. खाली आहे, पायाशी."

"त्सेलरच्या गाई. सगळं गाव नाक धरून बसलंय."

"ते वरून येतं, खिडकीच्या फटीतून. हे खाली आहे."

मलाही काहीतरी येत होतं. पण आठवडाभर सगळ्यालाच तो वास होता. शिवाय आत नवा गोंद, नवं वार्निश, गरम केक. मी श्वास घेत होते आणि मला काहीच वेगळं काढता येत नव्हतं. मी हेफेलेंच्या हाताकडे पाहिलं. पेटीतून एक काडी बाहेर आलेली होती.

"अगं, मग त्यालाच विचार की," लोरे म्हणाली. "नाक समोर उभं आहे. गेबहार्ड, सांग हिला. शेण की गॅस?"

चौघांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी हनुवटी वर केली. डोळे मिटले. एक श्वास घेतला. मग दुसरा.

मला ठाऊक होतं की आत काहीही चाललेलं नाही, त्या मिटलेल्या डोळ्यांमागे पांढरी भिंत आहे. त्यांनी 'शेण' म्हटलं की संपलं. सगळ्यांना तेच हवं होतं. केक कापून तयार होता. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, घोट्यांपासून वर भरत येतो, आणि शंभरात दोन भाग असला तरी एक काडी पुरते. मी तोंड उघडलं. आवाज फुटला नाही, आणि ते मी आयुष्यभर विसरणार नाही.

हेफेलेंनी काडी पेटीत परत घातली. पेटी बंद करून खिशात ठेवली.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?" लोरे अजून हसतच होती.

"मला वास येत नाही, लोरे. कशाचाच येत नाही."

फ्रोनी अर्धवट उठली. येन्सने काहीतरी उपयोगाचं करावं म्हणून छतावरच्या पंख्याच्या बटणाकडे हात नेला. "मी पंखा लावतो, वास…"

"हात!"

असा आवाज मी त्या माणसाचा कधी ऐकला नव्हता. येन्सचा हात बटणापासून दोन बोटांवर थांबला. तो पंखा पन्नास वर्षं जुना, त्याच्या मोटरमधून ठिणग्या उडतात. आम्हीच गमतीने त्याला दिवाळी म्हणायचो, म्हणजे मी म्हणायची आणि बाकीच्यांनी माझ्याकडून तो शब्द उचलला होता.

"हात खाली घे. कुणी काही लावायचं नाही, काही बंद करायचं नाही. दिव्याला हात लावायचा नाही. फोन खिशातून काढायचा नाही. येन्स, दार उघड. हळू. फ्रोनी आधी."

दार उघडताना ते पत्र्याला घासलं. तो आवाज आम्ही सगळ्यांनी श्वास रोखून ऐकला. फ्रोनी उतरली. तिच्यामागे लोरे, दोन्ही हातांत केकचं ताट धरून. ते खाली ठेवावं हे तिला सुचलंच नाही. मग मी, येन्स, आणि शेवटी ते. त्यांनी बाहेरून कप्पा उघडून सिलिंडर बंद केलं आणि आम्हाला आलुबुखाराच्या झाडापर्यंत मागे ढकललं. तिथे आम्ही अर्धा तास उभे होतो. दार सताड उघडं, आत पिवळे पडदे हलताहेत. त्सेलर ट्रॅक्टरवरून हात करून गेला. लोरेने ताटासकट कोपराने त्याला उत्तर दिलं.

अर्ध्या तासाने हेफेले एकटेच आत गेले. आधी खिडक्या सगळ्या उघडल्या, आणखी थांबले, मग पंपाने नळीत हवा भरली आणि साबणाचं पाणी घेऊन शेगडीच्या मागे वाकले. त्यांनी येन्सला हाक मारली. आम्हीही दाराशी आलो. शेगडीमागच्या सांध्यावर फेस होता, आणि त्यातून बारीक बुडबुडे एकामागून एक येत होते. शांतपणे, काही घाई नसल्यासारखे.

"ही शेगडी कुणी हलवली?"

येन्सचे कान लाल झाले. "काल संध्याकाळी. खण अडकत होता म्हणून. दोनच सेंटिमीटर, गेबहार्ड. नळीला मी हातसुद्धा लावला नाही."

"नळी शेगडीला बांधलेली आहे, बाळा."

ते एवढंच म्हणाले. मग गुडघ्यांवर बसून त्यांनी बाकाखाली हात घातला. तिथे जमिनीला एक भोक ठेवलेलं असतं, मुद्दाम, जाळी लावून. गॅस सुटलाच तर तो जड असल्यामुळे त्यातून खाली निघून जावा म्हणून. त्यांचा हात बाहेर आला तो राखाडी नमद्याचा बोळा घेऊन. घट्ट वळलेला, कडा टाके घालून शिवलेला.

लोरेने ताट अखेर पायरीवर ठेवलं. "मला वाटलं उंदरांचं भोक."

"जाळी लावलेलं?"

"वारा लागत होता, गेबहार्ड! बसलं की घोट्यांना थंड वारा. फ्रोनी इथेच बसणार, या दिवसांत तिला वारा लागला असता तर?"

वाऱ्याची तिला फार धास्ती. मान धरणं, कान दुखणं, मूत्रपिंडाची दुखणी, सगळं वाऱ्याच्या झोताने होतं असं ती मानते, आणि वाइडनमोसमधली एकही बाई तिच्याशी वाद घालणार नाही. तिने ते भोक प्रेमाने बुजवलं होतं. तिने बोळा हातात घेतला, आपलेच टाके पाहिले, आणि ती पायरीवर मटकन बसली.

फ्रोनी अजून झाडापाशीच होती. तिथूनच तिने विचारलं, "पपा, कधीपासून?"

मला वाटलं होतं ते म्हणतील ऑक्टोबरपासून. मीच सांगणार होते. पण ते बराच वेळ हातातला ब्रश बाटलीत नीट बसवत राहिले.

"दोन वर्षं झाली फेब्रुवारीत. ती मोठी सर्दी."

येन्सने मनातल्या मनात हिशेब केला, आणि तो चेहऱ्यावर उमटला. "पण तुम्ही तर त्या ऑक्टोबरात निवृत्त झालात."

"हो."

"म्हणजे आठ महिने…"

"आठ महिने मी लोकांच्या दारात हनुवटी वर करून उभा राहिलो."

त्सेलरचा ट्रॅक्टर दूर गेला होता. खाली उतारावर गावातली छपरं दिसत होती, एकाला एक लागून, प्रत्येकाला धुराडं. मी रोज ती पाहते. त्या दिवशी मला ती पाहवेनात.

"दाबमापक तर लावायचास ना?" लोरेचा आवाज बारीक झाला होता.

"लावायचो. नेहमी लावायचो. सुई हलली नाही की झालं. पण कधी कधी सुई हलल्यासारखी वाटते, केसाएवढी. हवा गार झाली तरी हलते, नळी जुनी असली तरी हलते. तेव्हा मी नाकाने ठरवायचो. पहिल्यापासून तसंच करत आलो." ते थांबले. "त्या आठ महिन्यांतही तसंच केलं. वास येत नव्हता ना, म्हणून सही केली."

"का रे?" लोरे म्हणाली. तिने ओरडावं असं मला वाटत होतं. ती ओरडली नाही. "मला तरी सांगायचं होतंस."

"डॉक्टर म्हणाला परत येतो. मी रोज सकाळी वाट बघायचो."

त्यांनी पिशवी उचलली, तीच जुनी, आणि तिच्यात दाबमापक टाकला. "उतारावरच्या मॉकबाई. त्याच वर्षीच्या जूनमध्ये. सुई हलली होती, मला पक्कं आठवतंय. तळघरात बॉयलर आहे आणि त्या एकट्या राहतात."

"आणीबाणीच्या नंबरावर फोन करा," येन्स म्हणाला.

"तू कर. आठवतील तेवढ्या घरांची नावं मी तुला सांगतो, तू त्यांना दे. सगळं सांग, माझं नाव घेऊन सांग. पण त्यांना तालुक्याहून यायला अर्धा तास लागेल. मॉकबाईंकडे मी चार मिनिटांत पोचतो."

"मी येते," फ्रोनी म्हणाली. "तुझ्याकडे नाक नाही."

"पोटात बाळ घेऊन तू लोकांचा गॅस हुंगायला जाणार?" आता मात्र लोरे ओरडली. "पाऊल टाकून बघ!"

मी किल्ली घेऊन आले. गाडी मी चालवली, ते पिशवी मांडीवर घेऊन शेजारी बसले. गाडीत ते एकदाच बोलले. "तुला मी गप्प राहायला सांगायला नको होतं." मी म्हटलं, मीही ऐकायला नको होतं.

घराजवळ त्यांनी मला थोडं आधीच थांबायला लावलं. आम्ही बेल वाजवली नाही, दारावर बोटांनी टकटक केली. मॉकबाईंनी दार उघडलं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, ठेंगण्या, पीठ लागलेला एप्रन.

"अगं बाई, हेफेले! शनिवारी? या, या, मी कॉफी ठेवते." आणि त्या वळल्यासुद्धा.

"नको!" हेफेले म्हणाले. मग आवाज खाली आणून, "मॉकबाई, काही पेटवू नका. जरा बाहेर या माझ्याबरोबर. कोट घ्या."

"काय झालं? गॅसचा वास येतोय का तुम्हाला?"

"मला वास येत नाही," ते म्हणाले. दिवसभरात दुसऱ्यांदा, आणि या वेळी परक्या माणसाला. "दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मी तुमचा गॅस तपासून सही केली ना, तेव्हाही येत नव्हता. मी तुम्हाला तेव्हा खोटं सांगितलं. ही मुलगी बघेल."

मॉकबाईंना नीट कळलं नाही, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी मुकाट्याने खुंटीवरचा कोट काढला. हेफेलेंनी तो त्यांच्या खांद्यावर घातला आणि त्यांना फाटकापर्यंत नेऊन सोडलं. मग परत येऊन ते उंबऱ्याबाहेर माझ्यामागे उभे राहिले.

"जा. तळघराच्या दारापर्यंतच. दिवा लावू नकोस. तोंड मिटून, नाकाने. पहिल्या श्वासात काही कळत नाही, दुसऱ्यात कळतं."

मी आत गेले. बोळ अंधारा होता. तळघराचं दार बोटभर उघडं. मी त्याच्याजवळ वाकले आणि श्वास घेतला. लाकडाचं पॉलिश, भिजवलेलं पीठ, ओलसर दगड, माझ्याच केसांतलं शेणखत.

"काय येतंय?" मागून त्यांनी विचारलं. आवाज अगदी हळू होता.

मी दुसरा श्वास घेतला.

"थांबा," मी म्हटलं. "कांद्यासारखं काहीतरी येतंय."

"कांदा म्हणू नकोस!" ते उंबऱ्यातूनच ओरडले. "बाहेर ये! आत्ताच्या आत्ता बाहेर ये!"

मी धावले. ते मला ओलांडून घराच्या बाजूला गेले, जिथे रस्त्यावरून येणाऱ्या नळीची मोठी झडप असते, आणि दोन्ही हातांनी ती फिरवायला लागले. झडप गंजलेली होती. ते पूर्ण अंग टाकून जोर लावत होते, आणि फाटकापाशी मॉकबाई कोट घट्ट धरून ओरडत होत्या, "अहो हेफेले, तिथे कांदे आहेतच हो, मीच ठेवलेत!"

"असू देत," ते म्हणाले, आणि झडप फिरली.